स्टीफन हिस्लॉप

महाराष्ट्राच्या नैर्ऋत्येस कोल्हापूर आहे आणि ईशान्येस नागपूर. कोल्हापूरच्या परिसरात पन्हाळ्याच्या तटाजवळ किंवा जोतिबाच्या डोंगरावर उभे राहिले, की जिकडेतिकडे काळा कातळ दिसतो. तो बेसाल्ट नावाचा खडक होय. नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांत मात्र काळ्या कातळाखेरीज पिवळसर व तांबूस वालुकाश्म आढळतो आणि काही ठिकाणी त्याच्या खाली दगडी कोळशाचे जाड थर असतात. कोल्हापूरला आगगाडी प्रथम १८९१ साली आली. त्या काळची बहुतेक इंजिने कोळशाच्या आगीवर चालत असत. परंतु तो कोळसा कोल्हापूरच्या भूमीत कधीच सापडला नाही. एकाच राज्याच्या एका टोकास कोळसा असावा आणि दुसऱ्या टोकास त्याचा मागमूसही नसावा, हे असे का? या प्रश्नाचे उत्तर खडकांच्या थरांत लिहिलेले आहे. विदर्भातील ते थर ज्यांनी प्रथम चिकाटीने उलगडून वाचले, त्यांत स्टीफन हिस्लॉप यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स नावाच्या लहानशा गावी झाला. त्यांचे वडील घरे बांधण्याच्या व्यवसायात होते. निसर्गाचे निरीक्षण करण्याची गोडी स्टीफन यांस लहानपणापासूनच लागली. एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत त्यांचे उच्च शिक्षण झाले. त्या काळी स्कॉटलंड हे भूशास्त्राचे माहेरघर मानले जात असे. पृथ्वीचे कवच थरांनी बनलेले आहे, खालचा थर जुना आणि वरचा थर नवा असतो, आणि प्रत्येक थरात त्या त्या काळच्या प्राण्यांचे व वनस्पतींचे अवशेष दगड होऊन राहिलेले असतात, हे विचार तेथील सुशिक्षित समाजात पसरत चालले होते. अशा वातावरणात हिस्लॉप यांची जिज्ञासा पोसली गेली.

शिक्षण संपल्यावर त्यांनी ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे काम पत्करले. १८४४ सालच्या डिसेंबर महिन्यात ते मुंबईस उतरले आणि पुढील वर्षाच्या आरंभी नागपूरला पोहोचले. त्या वेळी नागपुरात तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे राज्य होते. मुंबईहून नागपूरला जाण्यास तेव्हा आगगाडी नव्हती. ती १८६७ साली आली. शेकडो मैलांचा हा प्रवास लोक बैलगाडीने किंवा घोड्यावरून करीत. वाटेत घाट, नद्या आणि अरण्ये लागत. परक्या देशातून आलेल्या सत्तावीस वर्षांच्या त्या तरुणाने या प्रवासातही डोळे मिटून घेतले नाहीत. भूमीचा रंग आणि दगडांची घडण कोठे कशी बदलते, हे पाहत जाण्याची सवय त्यांनी आयुष्यभर सोडली नाही.

नागपूरला आल्यावर त्यांनी मराठी भाषेचा अभ्यास मन लावून केला. लोकांची भाषा आल्यावाचून लोकांत काम करता येत नाही, हे ते ओळखून होते. १८४६ साली त्यांनी नागपुरात एक शाळा उघडली. पुढे १८४७ साली रॉबर्ट हंटर नावाचे सहकारी त्यांना येऊन मिळाले. दोघांचाही दिवस शाळेच्या आणि उपदेशाच्या कामात जाई. हिवाळ्यात ते खेड्यापाड्यांतून दूरवर दौरे काढीत. या दौऱ्यांत जो थोडाबहुत मोकळा वेळ मिळे, तो ते नदीचे काठ, विहिरींसाठी खणलेले खड्डे आणि दगडांच्या खाणी न्याहाळण्यात घालवीत. विहीर खणताना बाहेर टाकलेला दगडमातीचा ढीग इतरांच्या दृष्टीने निरुपयोगी असे. हिस्लॉप यांना मात्र त्या ढिगात भूगर्भाची पाने उलटून ठेवलेली दिसत.

नागपूरच्या पश्चिमेस टाकळी नावाचे गाव होते. त्याच्या जवळपासच्या काळ्या कातळात हिस्लॉप व हंटर यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. कातळाच्या खालच्या व वरच्या थरांमध्ये एक पातळ मातकट थर दबलेला होता आणि त्यात गोड्या पाण्यातील लहान शंखांचे जीवाश्म होते. शोध घेता घेता तेथे बिया, फळे आणि कीटकांचे अवशेषही मिळाले. यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला, तो महत्त्वाचा होता. काळा कातळ हा भूगर्भातून बाहेर आलेल्या तप्त शिलारसाचा बनलेला आहे. एक थर निवाला, त्यावर तळी साचली, झाडे उगवली, गोगलगायी नांदू लागल्या. मग पुन्हा शिलारस आला आणि ते सर्व जीवन त्याच्या खाली गाडले गेले. म्हणजे हा कातळ एका दमात तयार झाला नव्हता. दोन शिलारसांच्या मध्ये शांततेचे दीर्घ काळ गेले होते. हा शिलारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला, हे पुढील शास्त्रज्ञांनी निश्चित केले.

टाकळीच्या शोधावर समाधान मानून हिस्लॉप थांबले नाहीत. काळ्या कातळाच्या खाली काय आहे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. कामठी, सिलेवाडा, भरतवाडा या गावांजवळ वालुकाश्माच्या खाणी होत्या. तेथील पातळ थरांचा दगड फोडला असता, त्याच्या पृष्ठावर पानांचे ठसे उमटलेले दिसत. त्यांतील एका पानाचा आकार जिभेसारखा लांबट होता. त्याच्या मधोमध ठसठशीत शीर होती आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना जाळ्यासारख्या बारीक शिरा पसरल्या होत्या. या वनस्पतीला ग्लॉसॉप्टेरिस असे नाव आहे. बंगालमधील कोळशाच्या खाणींतही हेच पान मोठ्या प्रमाणात सापडत असे.

येथे हिस्लॉप यांची विचारशक्ती दिसून येते. दोन ठिकाणांच्या खडकांत एकाच जातीचे अवशेष मिळाले, तर ते खडक एकाच कालखंडात साचले असले पाहिजेत, हा भूशास्त्राचा नियम आहे. बंगालमध्ये या पानाच्या सोबतीला कोळसा होता. नागपूर प्रांतात, आजच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात बरकुही येथे, कोळशाचा थर आढळून आलेला होता. तेव्हा नागपूरजवळचा पातळ थरांचा वालुकाश्म, बरकुहीचा कोळसा आणि बंगालचा कोळसा ही सर्व एकाच कुळातील भावंडे ठरत होती. दगडावरील एका पानाच्या साक्षीने शेकडो मैल दूर असलेल्या प्रदेशांचे नाते जुळले.

हिस्लॉप व हंटर यांनी आपले निष्कर्ष लिहून काढले आणि ते लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेकडे पाठविले. नागपूरच्या परिसरातील भूरचना व जीवाश्म यांवरील त्यांचा विस्तृत निबंध १८५५ साली त्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे १८६१ साली नागपूर प्रांतातील वालुकाश्म व कोळसा यांच्या वयाविषयी हिस्लॉप यांचा आणखी एक निबंध छापला गेला. जीवाश्मांचे नमुने ते पेट्यांत भरून विलायतेस पाठवीत. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे सापडलेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी रिचर्ड ओवेन या विख्यात शास्त्रज्ञाने तपासली आणि १८५५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. डायनोसोर हा शब्द ज्याने घडविला, तोच हा ओवेन. पानांचे ठसे चार्ल्स बनबरी या वनस्पतिशास्त्रज्ञाने अभ्यासले व १८६१ साली त्यांवर निबंध लिहिला. त्यांतील एका लांब पट्टीसारख्या पानाच्या जातीला बनबरीने हिस्लॉप यांचे नाव दिले. पुढे भारतातील कोळशाच्या अनेक क्षेत्रांत तेच पान आढळले आणि त्याबरोबर हिस्लॉप यांचे नावही सर्वत्र पोहोचले.

परंतु एका बाबतीत हिस्लॉप यांचा अंदाज चुकला. कोळशाचे हे थर जुरासिक काळातील असावेत, असे त्यांना वाटत होते. पुढील संशोधनाने हे थर त्याहून कितीतरी जुने, म्हणजे पर्मियन काळातील, सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीचे असल्याचे सिद्ध केले. त्या वेळी भारतातील खडकांचे तुलनात्मक ज्ञान फारच अपुरे होते आणि युरोपातील कोळशात ग्लॉसॉप्टेरिसचे पान मिळत नव्हते. त्यामुळे मोठमोठ्या विद्वानांतही या प्रश्नावर तीव्र मतभेद होते. मात्र हिस्लॉप यांनी थरांचा जो क्रम लावला आणि प्रत्येक नमुना कोठल्या थरातून घेतला याची जी काळजीपूर्वक नोंद ठेवली, ती पुढील अभ्यासकांच्या उपयोगी पडली. अनुमान चुकले तरी प्रामाणिक नोंद वाया जात नाही. तिच्याच आधारे पुढील पिढी ती चूक दुरुस्त करते.

ज्या वनस्पतींचे ठसे हिस्लॉप गोळा करीत होते, त्यांच्याच अवशेषांचा कोळसा झाला होता. पर्मियन काळात या भूमीवर विस्तीर्ण दलदली होत्या. झाडे वाढत, मरत आणि साचलेल्या पाण्यात पडत. पाण्याखाली हवा कमी असल्यामुळे ती पूर्णपणे कुजत नसत. त्यांवर वाळू व चिखल साचे. पुढे भूमी खचत गेली, थरांचे ओझे वाढले आणि भूगर्भातील उष्णतेने त्या लाकूडपाल्यातील पाणी व इतर द्रव्ये हळूहळू निघून गेली. मागे कार्बनचा अंश अधिकाधिक राहिला. प्रथम पीट, मग लिग्नाइट आणि शेवटी दगडी कोळसा, असा हा प्रवास लाखो नव्हे, तर कोट्यवधी वर्षांचा आहे.

हिस्लॉप यांची जिज्ञासा दगडांपुरती मर्यादित नव्हती. नागपूरच्या भोवतालच्या अरण्यांत गोंड लोकांची वस्ती होती. त्यांची भाषा, त्यांचे शब्द, त्यांच्या देवतांच्या आणि लिंगो नावाच्या त्यांच्या आदिपुरुषाच्या कथा हिस्लॉप यांनी परिश्रमपूर्वक लिहून घेतल्या. त्या काळी शहरातील फारच थोडे लोक या अरण्यवासी जनांच्या ज्ञानाची किंमत जाणत होते. हिस्लॉप यांचे हे टिपण त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, रिचर्ड टेंपल यांनी संपादून प्रसिद्ध केले.

१८५५ साली हंटर यांची प्रकृती बिघडली आणि ते मायदेशी परतले. हिस्लॉप यांच्यावरील कामाचा भार त्यामुळे वाढला. तरी शाळा, दौरे आणि अभ्यास यांपैकी एकही काम त्यांनी टाकले नाही. १८६१ साली नागपूर हे नव्या मध्य प्रांताचे मुख्य ठाणे झाले. पुढे त्या प्रांताचे मुख्य अधिकारी टेंपल झाले. त्यांना प्रदेशाची माहिती हवी असे, आणि ती देण्यास हिस्लॉप यांच्याइतका जाणता माणूस दुसरा नव्हता.

नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे प्राचीन काळच्या माणसांनी दगडांची वर्तुळे रचून त्यांत आपल्या मृतांना पुरलेले होते. ती पाहण्यासाठी १८६३ सालच्या सप्टेंबर महिन्यात टेंपल व हिस्लॉप तेथे गेले. त्यांचा मुक्काम जवळच बोरी येथे होता. ४ सप्टेंबर रोजी वर्तुळांचे काम पाहून झाल्यावर टेंपल पुढे निघाले. हिस्लॉप मात्र टाकळघाटच्या शाळेतील मुलांची परीक्षा घेण्यासाठी मागे थांबले. परीक्षा संपेपर्यंत संध्याकाळ झाली. ते एकटेच घोड्यावर बसून बोरीकडे निघाले. सकाळी सहज ओलांडलेला ओढा पावसाने दुथडी भरून वाहत होता. अंधारात त्या पुराचा अंदाज त्यांना आला नाही. त्या प्रवाहातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या शेहेचाळिसाव्या वाढदिवसास तेव्हा अवघे चार दिवस उरले होते. ज्या नदीनाल्यांच्या काठांनी त्यांना भूगर्भाची रहस्ये सांगितली, त्यांपैकीच एका नाल्याने त्यांचा बळी घ्यावा, हा दैवाचा खेळ म्हणावा लागेल.

हिस्लॉप गेले, पण त्यांच्या कामाचे मोल पुढे वाढतच गेले. त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १८७१ साली, चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे सरकारी कोळसा खाणीचे काम सुरू झाले. कालांतराने बल्लारपूर, घुग्गुस, माजरी येथे खाणी निघाल्या. ज्या सिलेवाड्याच्या दगडात हिस्लॉप यांनी पाने शोधली, त्याच परिसरात पुढे भूमीखालून कोळसा काढण्यात येऊ लागला. कोराडी आणि खापरखेडा येथे विजेची मोठी केंद्रे उभी राहिली. कामठीच्या नावावरून तेथील वालुकाश्माच्या थरांना कामठी थर हे नाव पडले, आणि गोंडांच्या भूमीवरून या सर्व कोळशाच्या खडकसमूहाला गोंडवन हे नाव मिळाले. पुढे दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया या खंडांतही ग्लॉसॉप्टेरिसचे पान सापडले. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीजवळही या वनस्पतीचे जीवाश्म मिळाले. हे सारे भूखंड एके काळी एकमेकांस जोडलेले होते, ही गोष्ट अशा पुराव्यांनी दृढ झाली. त्या प्राचीन महाखंडालाही गोंडवन हेच नाव आहे.

आज कोळशाकडे केवळ जळण म्हणून पाहिले जात नाही. कार्बन व हायड्रोजन यांच्या संयोगाने बनणाऱ्या पदार्थांना हायड्रोकार्बन म्हणतात. खनिज तेल व नैसर्गिक वायू हे त्यांचेच प्रकार होत. कोळशाचा थर भूगर्भात तापला, की त्यातून असा वायू आणि क्वचित तेलही निर्माण होते. एखाद्या कोळशात ही शक्ती किती आहे, हे भूरसायनशास्त्राच्या साहाय्याने ठरविता येते. नमुना कुटून त्याची पूड करतात आणि त्यात सेंद्रिय कार्बन किती आहे हे मोजतात. मग थोडी पूड हवेचा संपर्क टाळून क्रमाक्रमाने तापवितात. साधारण ३०० अंश उष्णतेस त्यात आधीच तयार असलेले हायड्रोकार्बन बाहेर पडतात. त्यापुढे सुमारे ६५० अंशांपर्यंत उष्णता वाढवीत नेली, म्हणजे त्या कोळशातून अद्याप निर्माण होऊ शकणारे हायड्रोकार्बन किती, हे कळते. भूगर्भात ज्या घटनेस कोट्यवधी वर्षे लागतात, तिची नक्कल प्रयोगशाळेत काही मिनिटांत होते.

कोळशाचा गुळगुळीत केलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यातील घटक वेगवेगळे दिसतात. राळ, परागकण आणि पानांवरील मेणासारखे आवरण यांपासून झालेल्या भागात हायड्रोजन अधिक असतो व तो तेल देऊ शकतो. लाकडापासून झालेला चकचकीत भाग मुख्यतः वायू देतो. कोळसा होण्यापूर्वीच जळून किंवा फार कुजून गेलेल्या लाकडाच्या भागातून जवळजवळ काहीच निघत नाही. चकचकीत भाग किती प्रकाश परावर्तित करतो, हे मोजले म्हणजे तो कोळसा भूगर्भात किती तापला होता, हे समजते. याच ज्ञानाच्या बळावर कोळशाच्या थरांतील मिथेन वायू मिळविला जातो. बंगालमधील राणीगंज क्षेत्रात त्याचे व्यापारी उत्पादन २००७ साली सुरू झाले. या सर्व परीक्षांची पहिली पायरी मात्र तीच आहे, जी हिस्लॉप चढले: नमुना कोणत्या थरातला आहे आणि तो कोणत्या वनस्पतींचा बनला आहे, हे अचूक जाणून घेणे.

कोल्हापूरला कोळसा का नाही, याचाही उलगडा आता होतो. कोल्हापूरच्या उत्तरेस कोयनेच्या परिसरात शास्त्रज्ञांनी खोल छिद्रे पाडली. तेव्हा तेथील काळा कातळ नऊशे मीटरांहून अधिक जाड असल्याचे दिसून आले. त्याच्या खाली कोळशाचे गोंडवन थर मिळाले नाहीत. एकदम ग्रॅनाइटसारखा अतिप्राचीन खडक लागला. पानांचे थर जिथे साचले, ते प्राचीन खोरे विदर्भात होते. या बाजूस त्याची खूण आढळली नाही.

१८८३ साली नागपुरात हिस्लॉप यांच्या नावाने महाविद्यालय स्थापन झाले. नागपूरजवळ सापडलेल्या एका खनिजाला आणि तेथील गोड्या पाण्यात राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवालाही शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले आहे. त्यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती आणि भूशास्त्र हा त्यांचा व्यवसायही नव्हता. एक हातोडी, एक टिपणवही, चालण्याची तयारी आणि दृष्टीस पडलेल्या वस्तूचे कारण शोधण्याची तळमळ एवढेच त्यांचे भांडवल होते. त्या बळावर त्यांनी आपल्या पायांखालच्या भूमीचा एक विसरलेला इतिहास उजेडात आणला. आपल्या गावाजवळचा ओढा, खणलेली विहीर आणि फोडलेला दगड यांकडे जो डोळसपणे पाहील, त्यालाही ही भूमी आपले मन मोकळे केल्यावाचून राहणार नाही.